वॉच नाईटचं कार्ड आणि माळ्यावरची बॅग

पत्राचा सारांश:

पिंपरीत भाड्याने राहणाऱ्या एका स्टाफ नर्सचं हे पत्र. वय अडतीस, माहेर नगर जिल्ह्यातलं, नवरा चाकणच्या कंपनीत, मुलगी सहावीत. ३१ डिसेंबर २०१८ ला त्यांना नाईट होती, म्हणून वॉच नाईटच्या, म्हणजे सरत्या वर्षाच्या रात्रीच्या उपासनेत त्यांच्या वाट्याचं वचनाचं कार्ड वडिलांनी उचललं. कार्डावर बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ होतं: “परमेश्वर म्हणतो, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला तुमच्या भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत.” मागच्या बाजूला वडिलांनी लेकीचं नाव आणि ‘२०१९’ एवढंच लिहिलं. त्याच महिन्यात ताईंनी इंग्लंडला जाण्यासाठी ओईटीचा, म्हणजे नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेचा क्लास लावला होता. हे वचन म्हणजे त्याचंच उत्तर, असं सगळ्या घराने धरलं. एप्रिल २०२१ मध्ये कोविडने वडील गेले. परीक्षा चारदा दिली. रायटिंगला ३०० लागतात, शेवटच्या दोन्ही वेळी २९० मिळाले. आता एक एजंट म्हणतो, साडेतीन लाख भरा, सहा महिन्यांत पाठवतो. नवऱ्याला त्याच पैशांतून मोशीला वन बीएचके बुक करायचा आहे. प्रार्थना गटातल्या एक बाई म्हणाल्या, “इथे घर घेतलंस म्हणजे वचनावरून हात काढून घेतलास.” ताई विचारतात: घर घेतलं तर मी देवाच्या वचनावरचा विश्वास सोडला असं होईल का? आणि बाबांवरचा?

ताई, सलाम.

तुमच्या पत्रात एक ओळ कंसात आहे. मुलीने शाळेच्या कबड्डी संघाचा फॉर्म आणला, तुमच्यापुढे ठेवला आणि तीच म्हणाली, “राहू दे मम्मी, आपण तर जाणारच आहोत ना.” तुम्ही हे ओझरतं लिहून लगेच एजंटकडे वळलात. मला पुढचं वाचवेना. कार्ड आलं तेव्हा ही पोर चार-पाच वर्षांची असेल. तिला कळायला लागल्यापासून तिचं घर निघायच्या तयारीतलंच आहे. अकरा महिन्यांचा करार दरवेळी नवा होतो. २०१९ मध्ये घेतलेली मोठी बॅग माळ्यावर आहे आणि तिच्या हँडलला दुकानाचा टॅग अजून लटकतोय. सासूबाईंनी दिलेली पितळेची भांडी गावाहून आणलीच नाहीत. कढीपत्त्याचं रोप शेजारणीने देऊ केलं तेव्हा तुम्ही “कशाला, आज ना उद्या जायचंय” म्हणालात. हे सगळं तुमच्याच पत्रातलं आहे.

त्या फॉर्मकडे मी परत येईन. आधी कार्ड.

आपल्या मंडळीतल्या मराठीत ‘वचन’ हा शब्द दोन अर्थांनी फिरतो. शास्त्रातली ओळ म्हणजे वचन, आणि दिलेला शब्द म्हणजेही वचन. “आज कुठलं वचन वाचलं?” असंही आपण विचारतो आणि “तुम्ही मला वचन दिलं होतं” असंही म्हणतो. एरवी याने काही बिघडत नाही. पण ३१ डिसेंबरच्या रात्री ताटलीतून कार्ड उचललं की हे दोन अर्थ नकळत एक होतात. वाचायची ओळ मला दिलेला शब्द होऊन बसते, आणि त्या वेळी मनात जी इच्छा असेल तिचं नाव त्या शब्दाला लागतं. तुमच्या मनात इंग्लंड होतं. दुसऱ्या कुणाच्या मनात मूल असेल, कुणाच्या मनात नवऱ्याची दारू सुटणं असेल. त्याच ताटलीत तेच वचन आणखी कुणाच्या हाती गेलं असेल, तर त्यांनी त्याला वेगळं नाव दिलं असणार.

कार्ड उचलू नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः दरवर्षी उचलते आणि बायबलात ठेवते. कार्डावर एका ओळीपुरतीच जागा असते आणि ती ओळ कुठून आली ते कार्ड सांगत नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. मी वीस वर्षं संडे स्कूल घेतलं. यिर्मया २९:११ मुलांकडून पाठ करून घेतलं, बक्षिसं दिली. त्याच्या आधीचं दहावं वचन मी एकदाही पाठ करून घेतलं नाही, आणि याची मला मनापासून खंत आहे. दहाव्यात लिहिलंय की बाबेलची, म्हणजे बॅबिलोनची, सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन. सत्तर वर्षं! अकरावं त्याच्याच पाठोपाठ येतं.

हे मुळात एक पत्र आहे, ताई. तुम्ही मला लिहिलंत तसंच. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाची राजधानी यरुशलेम घेतलं आणि तिथला तरुण राजा, राजमाता, सरदार, कारागीर, लोहार असे कामाचे लोक उचलून बाबेलला नेले. यिर्मया मागे यरुशलेमेत राहिला आणि तिथून त्याने या नेलेल्या लोकांना पत्र पाठवलं. यरुशलेमेतल्या नव्या राजाचे दोन दूत बाबेलला निघाले होते, त्यांच्या हाती दिलं. या दोन शहरांमधली वाट साधी नव्हती. पुढे एज्रा शास्त्री बाबेलहून यरुशलेमेला आला तेव्हा त्याला चार महिने लागले. इतक्या लांबून आलेलं पत्र उघडताना त्या लोकांना एकच बातमी हवी असणार: परत कधी?

पत्रात पहिली आज्ञा निघाली ती अशी: घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, तिथे वाढा, कमी होऊ नका. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हिताची खटपट करा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. हे सगळं पाचव्यापासून सातव्या वचनापर्यंत आहे. मग सत्तर वर्षांची गोष्ट, आणि मग तुमच्या कार्डावरची ओळ.

मळा लावा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. आज लावलेल्या झाडाला तीन-चार वर्षांनी फळ धरतं. ‘त्यांचं फळ खा’ म्हणजे तोवर तुम्ही तिथेच आहात. पत्र ऐकताना कुणाच्या तरी पोटात खड्डा पडला असेल. माळ्यावर बॅग ठेवून बसलेली माणसं तिथेही असणार.

तेव्हा तुमचा प्रश्न मी उलटा धरून बघते. घर घेतलं तर वचन सुटेल का, असं तुम्ही विचारता. पण ज्या पत्रात हे वचन आहे, त्यात घर बांधायला त्याच देवाने सांगितलंय, आणि वचनाच्या आधी सांगितलंय. त्या लोकांनी बाबेलमध्ये पाया खणला तो वचन हातात धरूनच. ते गाठोडं बांधून वेशीवर बसले असते, तर पत्रातली निम्मी आज्ञा त्यांनी मोडली असती.

आता तुमच्या प्रार्थना गटातल्या बाई. त्यांचा हेतू चांगला असेल, तुमच्यासाठी त्या गुडघ्यावरही आल्या असतील. पण यिर्मयाच्या काळातही असंच बोलणारे होते आणि त्यांची नावानिशी नोंद आहे. अठ्ठाविसावा अध्याय काढा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत म्हणाला, दोन वर्षांत सगळं परत येईल, राजाही आणि मंदिराची पात्रंही. यिर्मयाच्या मानेवर खूण म्हणून घातलेलं लाकडी जू होतं, ते हनन्याने ओढून मोडलं. लोकांना त्या दिवशी कोण विश्वासू वाटला असेल? मोठ्या आवाजात चांगली बातमी सांगणारा की ‘अजून वेळ आहे’ म्हणणारा? यिर्मया आधी एवढंच म्हणाला, आमेन, तसंच होवो. त्यालाही तेच हवं होतं. पण हनन्याने दिलेली तारीख देवाची नव्हती. एकोणतिसाव्या अध्यायाच्या शेवटी शमाया नावाचा आणखी एक माणूस येतो. तो बाबेलमधून यरुशलेमेच्या याजकाला तक्रार लिहितो की हा यिर्मया आम्हाला ‘घरं बांधा, मळे लावा’ असं कळवतो, तुम्ही त्याला दटावत का नाही? म्हणजे घर बांधणं हा अविश्वास आहे, हा आरोप या वचनाइतकाच जुना आहे. शास्त्राने तो आरोप नोंदवला आणि फेटाळला.

मी बऱ्याच घरांत पाहिलंय, ‘विश्वासात डगमगू नको’ हे वाक्य दुखऱ्या जागी फार जोरात लागतं. परीक्षेत दहा गुण कमी पडले तर ते विश्वासात कमी पडले असं वाटायला लागतं. ओईटीच्या रायटिंगमध्ये रुग्णाची केस नोट वाचून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं असतं. त्यात तुम्ही २९० वर थांबताय. याचं कारण वाक्यरचना असेल, केस नोटमधलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं यातली गडबड असेल, बारा तासांच्या ड्यूटीनंतर केलेला अभ्यास असेल. देवाने तोंड फिरवलंय हे त्याचं कारण नाही. हे तुम्हाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट, जी मराठीत वाचणाऱ्याला सहज दिसते. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच शब्द आहे, म्हणून इंग्रजी कार्डावरचं हे वचन एकट्याला उद्देशून वाटतं. आपल्या बायबलात देव एकट्या यिर्मयाशी बोलतो तेव्हा ‘तुला’ म्हणतो. या वचनात ‘तुम्हांला’ आहे. तो आदराचा ‘तुम्ही’ नाही, ते अनेकवचन आहे. मूळ हिब्रूतही तसंच. हे संकल्प एका समाजाबद्दल आहेत, आजोबांपासून नातवापर्यंत पसरलेले. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा हातात घेतलं त्यांतले बहुतेक बाबेलमध्येच वारले. पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं ते इ.स.पू. ५३९ मध्ये, आणि परतीची वाट त्यानंतर उघडली. पत्र लिहिणारा यिर्मयाही तो दिवस बघायला नव्हता. त्याला लोकांनी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, ओढून नेलं होतं.

‘आशा’ हा शब्दही जरा हातात घेऊन बघा. हिब्रूत तिथे ‘तिक्वा’ आहे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दोर. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला किरमिजी दोर बांधते, तिथे हाच शब्द येतो. तिने तो दोर गाठोड्यात घालून ठेवला नव्हता. ज्या घरात ती राहत होती त्याच घराच्या खिडकीला बांधला होता, आणि घरातली माणसं त्या खिडकीच्या आत होती.

बर्लिनच्या संग्रहालयात मातीच्या काही छोट्या पाट्या आहेत. नबुखद्नेस्सराच्या वाड्यात सापडल्या. त्यांत कोठाराचा हिशोब आहे, कुणाला किती तेल दिलं त्याचा, आणि त्यात बाबेलला नेलेल्या त्याच यहूदाच्या राजाचं नाव आणि त्याच्या पाच मुलांचा उल्लेख आहे. त्यांतली एक पाटी इ.स.पू. ५९२ ची, म्हणजे यिर्मयाचं पत्र गेलं त्याच सुमाराची. पुढच्या काळातल्या आणखी काही पाट्यांवर इराकातल्या एका खेड्याचं नाव ‘यहूदाचं गाव’ असं येतं आणि तिथल्या यहुदी कुळांचे जमिनीचे, जवाचे, खजुराचे व्यवहार लिहिलेले आहेत. त्यांनी खरोखर मळे लावले होते.

वाट उघडल्यावर काही परतले, पुष्कळ तिथेच राहिले. बगदादचे यहुदी स्वतःला त्यांचेच वंशज मानतात. त्याच बगदादमधून डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले, आणि पुण्यातलं ससून रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहून १८६७ मध्ये सुरू झालं. कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. तुम्ही पुण्यातल्या नर्स, म्हणून हे मुद्दाम सांगते. ‘ज्या नगरात आहात त्याच्या हिताची खटपट करा’ ही आज्ञा बाबेलमध्ये ऐकलेल्या लोकांच्या वंशातला एक माणूस इथे आला, आणि ज्या शहरात तुम्ही ड्यूटी करता तिथे त्याच्या नावाने आजही लोक ओपीडीच्या रांगेत उभे आहेत. अशा वचनाला सहा महिन्यांच्या मापाने कसं मोजायचं, ते मला खरंच कळत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, बाबांचा. मला वाटतं पत्राचं खरं ओझं इथेच आहे.

तुम्ही लिहिलंत की कार्ड लॅमिनेट करून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवलंय, आणि बाबांच्या अक्षरातली शाई आता तपकिरी दिसायला लागली आहे. कोविड वॉर्डात त्यांचा हात हातात घेता आला नाही. तुम्ही स्वतः पीपीई घालून दुसऱ्यांच्या वडिलांचे हात धरत होतात. मग त्यांच्या हातून आलेली शेवटची वस्तू उरली ती हे कार्ड. इंग्लंडचा विचार सोडला तर कार्ड खोटं पडेल आणि कार्ड खोटं पडलं तर बाबा खोटे पडतील, अशी साखळी मनात तयार झाली आहे. ती कुठेतरी तोडायला हवी.

कार्ड उलटं करा आणि काय लिहिलंय ते बघा. तुमचं नाव आणि साल. देशाचं नाव त्यावर नाही. बाबांनी वचन निवडलंही नव्हतं. ताटली पुढे आली, लेक कामावर होती, तिचा वाटा चुकू नये म्हणून त्यांनी एक कार्ड जास्तीचं उचललं. त्यांनी तुम्हाला दिलं ते एवढंच, आणि ते फार मोठं आहे. इंग्लंडचा अर्थ त्याला नंतर घराने दिला, आनंदात दिला. तो अर्थ सोडला तरी बाबांच्या अक्षराला काही होत नाही.

आणि त्या रात्री तुम्ही कुठे होतात, तेही आठवा. वॉर्डात होतात. बाहेर फटाके वाजत असताना कुणाचं सलाईन बदलत होतात, कुणाला कूस बदलून देत होतात. यिर्मयाने पत्रात जे करायला सांगितलं, नगराच्या हिताची खटपट, ती तुम्ही त्या तासाला करत होतात, आणि तेव्हा ते कार्ड तुमच्या नावाने उचललं गेलं. तुम्हाला खूणच हवी असेल तर मी ही खूण धरीन.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी सगळं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायला घेतलं, वर्षानुवर्षं त्यावर बसल्या. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. छापलेलं अख्खं बायबल १९२४ मध्ये आलं. त्यांच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाही. बाबांनी तुमचं भलं झालेलं पाहिलं नाही, याचं दुःख करा, ते खरं आहे. पण त्यांनी पाहिलं नाही म्हणून काही घाईने पुरं करून दाखवायचं आहे, असं मानू नका.

आता व्यवहाराचं. यिर्मया याबाबतीत आपल्यापेक्षा पक्का होता. बत्तिसावा अध्याय वाचा. बाबेलच्या फौजेने यरुशलेमेला वेढा घातलाय, यिर्मया स्वतः कैदेत आहे, आणि तो अनाथोथची चुलतभावाची जमीन विकत घेतो. सतरा शेकेल चांदी, तागडीत तोलून. खरेदीखत साक्षीदारांसमोर होतं, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. आशेच्या कामातही त्याने कागद नीट केला.

तर एजंटला साडेतीन लाख देऊ नका. हे मी ठामपणे सांगते. इंग्लंडच्या आंतरराष्ट्रीय आरोग्यभरतीच्या नियमावलीनुसार नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायचे नसतात. भारतातून परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची सरकारदरबारी नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते, आणि नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्यापुढे घेता येत नाही. साडेतीन लाख मागणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि पावती कसली मिळेल ते विचारा. ‘सहा महिन्यांत’ असं छातीठोक ऐकलं की हनन्याची दोन वर्षं आठवा. आमेन म्हणायला हरकत नाही, पैसे मात्र हातात राहू द्या.

जायचं स्वप्न टाकून द्या असं मी सांगत नाहीये. बाहेर गेलेल्या आपल्या मुलींनी घरं वर आणली आहेत, आणि कामात मान मिळावा असं वाटणं यात काही चुकीचं नाही. परीक्षा पुन्हा द्या, पण वेगळ्या रीतीने द्या. चौथ्यांदा त्याच क्लासच्या त्याच नोट्स वाचून पाचव्यांदा वेगळा निकाल येत नाही. तुमच्या लिहिलेल्या पाच-सहा पत्रांवर ओळ न ओळ तपासून देणारा शिक्षक शोधा. बाकीच्या विषयांत तुम्ही पास आहात, आणि बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरायची सोय तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ठेवली आहे. तिच्या अटी त्यांच्या संकेतस्थळावरच वाचा, क्लासवाल्याकडून ऐकू नका. आणि स्वतःशी एक मर्यादा ठरवा: अजून दोनदा, किंवा मुलगी आठवीत जाईपर्यंत. ही मर्यादा तुमच्या शक्तीची आहे. ती देवाला लागू होत नाही.

घराचं म्हणाल तर नवऱ्याचं ऐकायला हवं असं मला वाटतं, तरी घाईने टोकन देऊ नका. महारेराचा नंबर संकेतस्थळावर टाकून प्रकल्पाची मुदत आणि दावे बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत आहे, त्याचा हिशोब करा, आणि कर्ज दोघांच्या पगारावर हवं असेल तर बँकेला आधीच विचारा. हप्ता एका पगारात बसतो का ते बघा, कारण पुढे तुम्ही गेलातच तर मधले काही महिने एकच पगार असेल. घर घेतल्याने जाणं बंद होत नाही. भाड्याने देता येतं. आईंना नगरहून आणून ठेवता येतं. तुमच्या पत्रात आई फक्त एकदा आल्या, “आई एकटीच असते” एवढ्याच. त्यांच्याशी या सगळ्याबद्दल बोललात का? बाबांनी कार्ड उचललं त्या रात्री त्या शेजारी बसल्या असतील. घरी येताना ते काय म्हणाले, हे त्यांनाच ठाऊक असणार. निर्णय घेण्याआधी एक रविवार नगरला जा आणि विचारा. मला वाटतं, इतकी वर्षं ते विचारायची तुम्हाला भीती वाटत असावी.

प्रार्थना गटातल्या बाईंशी वाद घालू नका. पुढच्या शास्त्राभ्यासाला अठ्ठावीस आणि एकोणतीस हे दोन अध्याय सलग, मोठ्याने वाचू या, एवढंच सुचवा. अर्ध्या तासाचं काम आहे. वाचून झाल्यावर कुणी काही समजावायची गरज सहसा पडत नाही.

ज्यांनी मला अशीच पत्रं लिहिली, कुणी लग्नाचं, कुणी मुलाचं, कुणी कोर्टातल्या केसचं, त्यांनाही हेच सांगेन: कार्डावरची ओळ मिळाली की त्या दिवशीच तिच्या आधीची दहा वचनं वाचा आणि ‘हे कुणाला लिहिलं’ ते शोधा. आणि वाट बघताना काय-काय पुढे ढकललं त्याची यादी करा. कुणाचे दात दाखवायचे राहिलेत, कुणाचं भावाशी बोलायचं, कुणाचा भिंतीला रंग द्यायचा. त्यातलं एक या महिन्यात करा. ज्याची वाट बघताय ते उद्या आलं तरी रंग दिलेली भिंत काही वाया जात नाही.

तुमची यादी तुम्हीच पत्रात दिली आहे. पितळेची भांडी, कढीपत्ता, फॉर्म. भांड्यांना दिवाळी धरा. कढीपत्त्याला एक जुना डबा आणि खाली दोन भोकं पुरतात. शेजारीण अजून रोप देईल, अशा बायका मनात ठेवत नाहीत.

फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत होती असं तुम्ही लिहिलंय. हे छापून येईल तोवर ती उलटून गेली असेल, तर शाळेत जाऊन खेळाच्या सरांना स्वतः भेटा. मुलीला सोबत न्या. सही तिच्यासमोर करा, आणि बूट कुठले लागतात ते तिलाच सरांना विचारू द्या.